नारबा मेस्त्रींनी कापलेली शेपटी

नारबा मेस्त्रींनी मला आधी ऐकले आणि मग पाहिले. मालवणात दवाखाना घालून मला थोडेच दिवस झाले होते. बंदराच्या वाटेने मी काठी टेकत चाललो होतो, तेवढ्यात माडाच्या झापांनी शाकारलेल्या एका खोपटातून, म्हणजे मांगरातून, कसल्याशा इंजिनाखालून आवाज आला, "कोणाचा बेअरिंग सुकला रे?"

मी थांबलो.

"आता बंद पडला," आतला माणूस म्हणाला.

मग इंजिनाखालून आधी दोन काळे पाय, मग खाकी चड्डी, मग उघडे पोट आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या मिशांचा चेहरा बाहेर आला. त्या चेहऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही, थेट डाव्या पायाकडे पाहिले. शिकत असताना लाँचमधून उतरताना माझा तो पाय लाँच आणि धक्का यांच्यामध्ये चिरडला होता. गुडघ्याखाली पुण्याहून करून आणलेला लाकडी पाय होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या लोखंडी बिजागऱ्या चालताना कुरकुरत. गावातली माणसे सभ्य. ती कुरकुर ऐकून सगळे न ऐकल्यासारखे करत. मेस्त्री मात्र माझ्यापुढे उकिडवे बसले, "पाटलोण वर करा" म्हणाले, नळीच्या डब्यातून दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडले आणि म्हणाले, "आता चला बघूया."

मी चाललो. आवाज गेला होता.

"तुमी खंयचे?"

"मी नवा डॉक्टर."

"बरा झाला," मेस्त्री म्हणाले. "आता डाक्टर येता ता पेशंटाक आदी कळाचा नाय."

नारबा मेस्त्रींनी उमेदीची वर्षे आगबोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. आगबोट सुटली तरी इंजिनखोली सुटली नव्हती. घरात बायकोला हाक मारायची झाली तरी ते बाजूला दहा बॉयलर धडधडत असल्यासारखी मारत. शिवणयंत्र, भातगिरणीचे इंजिन, भजनातली पेटी, काहीही घेऊन या, ते नाही म्हणत नसत. ते दुरुस्त होईच असे मात्र नाही. मालकाने धास्तावून विचारले, "मेस्त्री, जास्त बिघडणार नाही ना?" तर उत्तर ठरलेले: "बिगाडला तर बिगाडला. आदी तरी खंय बरा होता?" आणि काम फसले तर त्याहून शांतपणे म्हणत, "मशीन खोटा बोलना नाय. मेस्त्री बोलता."

ते खोटे बोलत हे सगळ्या मालवणला ठाऊक होते, आणि म्हणूनच संध्याकाळी मांगरात बसायला जागा मिळत नसे. कुठल्या कुठल्या बंदरांतल्या गजाली ते सांगत. त्यांची बायको जानकीवैनी चुलीपुढून ओरडून सांगे, "आयकलास त्येतला अर्धा हयच सोडून जावा, आणि उरला त्येचो इचार करू नकात!" मेस्त्री तिच्याकडे लक्ष न देता पुढचे बंदर गाठत.

आता माझ्या अडचणीविषयी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून झाले.

मालवणच्या दक्षिणेला देवबाग. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. तेव्हा तिथे रस्ता नव्हता. बैलगाडीची चाके वाळूत रुतत. खाडीतून होडीने जावे तर भरती-ओहोटी बघावी लागे, आणि धडक्या पायांच्या माणसालाही त्या वाळूत चालताना दम लागे, मग माझी काय कथा. निकड असली की देवबागची माणसे खुर्ची घेऊन येत आणि मला तीत बसवून, गणपती न्यावा तसे नेत. गणपती आणि डॉक्टर यांच्यात फरक एवढाच, की गणपती उशिरा पोचला तरी चालते. एकदा मी पोचलो तेव्हा आई वाचली, मूल गेले होते. कुणी मला शब्दाने बोलले नाही. उलट त्या घरच्या म्हातारीने शहाळे फोडून पुढे केले, "डाक्टर, येयसर तुमी किती दमलास!" ते शहाळे मी न पिताच खाली ठेवले.

त्यानंतर मी जीप घेतली. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली, चारही चाकांनी ओढणारी. वाळूत तीच चालेल हे बरोबर होते. पण जीपला क्लच असतो, आणि क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. माझ्या लाकडी पायाला दाबणे जमे, सावकाश सोडणे जमेना. पहिल्याच दिवशी जीप बेडकासारखी उडी मारून शेजाऱ्यांच्या सुकत घातलेल्या बांगड्यांवर गेली. ड्रायव्हर ठेवला, तर तो ज्या दिवशी हवा नेमका त्या दिवशी कुठल्या तरी जत्रेला गेलेला असे. मेस्त्रींनी क्लचला सुंभाची दोरी बांधून ती हाताने ओढायची सोय केली. एक हात स्टिअरिंगला, एक गिअरला, एक दोरीला. तिसरा हात न दिल्याबद्दल मेस्त्रींनी देवाला बोल लावला आणि जीप माझ्या अंगणात आंब्याखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

अशात मुंबईचे एक शेठ सहकुटुंब मालवणात आले. त्यांची अमेरिकन गाडी एवढी लांब होती, की बाजारातल्या वळणावर तिचे तोंड आधी वळे आणि ढुंगण मागाहून येई. शेठनी ती ओहोटीच्या वेळी सरळ चिवल्याच्या किनाऱ्यावर उतरवली. ओली वाळू लादीसारखी घट्ट होती. शेठ शहाळी पीत बसले. किनाऱ्यावरची माणसे त्यांना सांगायला गेली, की भरती येते आहे. शेठ म्हणाले, "येऊ द्या, बघायलाच आलोय." ती आली. लाटा दारांच्या मुठींपर्यंत चढल्या तेव्हा शेठनी बघणे बंद केले. दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढून गाडी वर काढली, पण तिच्यातून खेकडे निघाले ते पाहून शेठाणीने तिच्यात बसायला साफ नकार दिला. मंडळी एसटीने परत गेली. जाताना शेठ म्हणाले, "ज्याला पाहिजे त्याने न्या."

मालवणात असली गोष्ट पाहिजे असणारा एकच माणूस होता.

मेस्त्रींनी ती गाडी मांगरात आणून विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतली, रॉकेलने धुतली, पुन्हा पाण्याने धुतली. विहीर आटते की काय म्हणून जानकीवैनी काठावर पहाऱ्याला बसली. आणि एक दिवस ऐन गर्दीच्या वेळी मेस्त्री माझ्या दवाखान्यात घुसले. मी देवबागच्या एका आजीची नाडी पाहत होतो.

"डाक्टर! ते गाडयेक दोनच पाय आसत!"

"म्हणजे?"

"ब्रेक आणि रेस! तिसरो नायच! क्लच नाय! गाडी आपणच गेर बदलता. अमेरिकेत तुमच्यासारख्यांसाठी मुद्दाम केल्यानी ती!"

"अहो, तिकडच्या धडधाकट लोकांना कंटाळा येतो म्हणून केली असेल."

"ता काय आसा ता असांदे," मेस्त्री म्हणाले. "इंजिन आणि गेरपेटी उचलतंय नि तुमच्या जिपेत घालतंय."

आजीने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि म्हणाली, "घाला रे बाबा, घाला. दर येळाक खुर्ची उचलून आमचे झील वाकडे झाले."

झाले, मेस्त्रींना हुकूम मिळाला.

त्या गाडीच्या गिअरच्या दांड्यापाशी पाच इंग्रजी अक्षरे होती. मेस्त्रींनी ती मला समजावून दिली. "पी म्हणजे पेज. पेज जेवन गप रवाचा. आर म्हणजे रिव्हर्स, ता इंग्लिशच. एन म्हणजे नाय. डी म्हणजे देवबाग."

"आणि एल?"

मेस्त्रींनी मागे वळून जानकीवैनी ऐकत नाही ना ते पाहिले. "एल म्हणजे लगीन. जोर खूब, येग नाय, आणि उतारार सुदा सोडना नाय."

या व्याख्येत चूक काढायला मला आजवर जागा सापडलेली नाही.

इंजिन बसले. त्यासाठी जीपचे नाक कापून पुढे सरकवावे लागले आणि तिचा चेहरा डुकरासारखा दिसू लागला, पण बसले. खरी पंचाईत मागे होती. जीपच्या पोटात गिअरच्या पेटीमागे आणखी एक धाकटी पेटी असते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देण्याचे काम तिचे. मेस्त्री तिला 'भाऊबंदकी' म्हणत. "फुडच्याक आणि मागच्याक वाटो करून देता, आणि नको त्या येळाक अडाकता." तर अमेरिकन गिअरपेटीला मागे भलीमोठी शेपटी होती. त्या शेपटीच्या टोकाला भाऊबंदकी लावली तर ती पार मागच्या बाकाखाली जाई. तिथून मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा दांडा, जो पूर्वी हातभर होता, तो वीतभर उरला, आणि तोही माडीच्या जिन्यासारखा उभा. दांडा एवढा आखूड आणि एवढा तिरका झाला, की फिरताना त्याचे सांधे पिळवटत.

"पिळवटले तर पिळवटले," मेस्त्री म्हणाले, आणि बाजाराच्या दिवशी, भर बाजारातून, जीप चालवून दाखवायला निघाले. मी शेजारी बसलो होतो. लोक दुतर्फा उभे होते. भंडारी, गाबीत, वाणी, झाडून सगळे. मेस्त्रींनी 'देवबाग' लावले आणि जीप खरोखरच आपली आपण, क्लच न मागता, मऊपणे निघाली. मासळी बाजारापाशी मेस्त्रींनी रुबाबात रेस दिली आणि पोटाखाली बंदुकीसारखा आवाज झाला. दांडा तुटून बाहेर पडला आणि घरंगळत एका कोळणीच्या पाटीला जाऊन टेकला.

कोळणीने गिऱ्हाइकावरची नजरही काढली नाही. "अवो मेस्त्री, तुमचा कायतरी पडला."

जीप थांबली होती. लोक हसायच्या बेतात होते. मेस्त्रींनी एक दांडी ओढली, भाऊबंदकीचा पुढचा वाटा चालू केला, आणि जीप नुसत्या पुढच्या चाकांनी, मागचे अंग फरपटत, घराकडे निघाली. "बगलास?" ते लोकांना ओरडून म्हणाले, "मागचा काडून टाकला तरी जाता!" जणू ते दाखवण्यासाठीच बाजार भरवला होता. तुटलेला दांडा घेऊन मी मागाहून टांग्याने गेलो.

मेस्त्री हरले नाहीत. त्यांनी नवी तोड काढली, की जीपच कापून लांब करायची. मध्ये लोखंडाचा तुकडा घालून चाके मागे न्यायची. चार दिवस ते सुतळी घेऊन जीप मोजत होते. जानकीवैनी ओटीवर सुरमई कापत होती. ती तिथूनच म्हणाली, "अवो, सुरमय टोपात मावना नाय तर कोण टोप लांब करता काय? शेपटी कापतत."

मेस्त्री सुतळी धरून उभेच राहिले. मग म्हणाले, "मी ह्याच म्हणत होतंय."

"कदी?"

"मनात."

पण शेपटी कापायची म्हणजे नुसते बाहेरचे नळकांडे कापून भागणार नव्हते. आतून फिरणारा पोलादी दांडाही कापायचा, त्याला नवे दाते पाडायचे, आणि कापल्या जागी भाऊबंदकी वीतभर पुढे आणून जोडायची. फसले तर तसली दुसरी पेटी सगळ्या कोकणात नव्हती. आणि आयुष्यात प्रथमच मी नारबा मेस्त्रींना घाबरलेले पाहिले. पेटी पाटावर, करवत हातात, आणि हात चालेना. मी दुपारी तिकडे गेलो तर ते तसेच बसलेले.

"डाक्टर," ते म्हणाले, "तुमचो पाय कापूच्या आदी तुमका इचारलेल्यानी?"

"विचारले होते."

"तुमी काय सांगलास?"

"नको म्हणालो."

"मगे?"

"सर्जन म्हणाले, पाय ठेवला तर तू जाशील. मग मी हो म्हणालो."

मेस्त्री पेटीकडे पाहत राहिले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवले, "मेस्त्री, आधी तरी कुठे बरे होते?"

"ता मी दुसऱ्याच्या मशीनीक सांगतंय," ते चिडून म्हणाले. "ही आता माजी."

मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमी तोंड करा तिकडे." मी तोंड फिरवले. करवतीचा आवाज सुरू झाला. सांज होईपर्यंत तो चालू होता, आणि मध्ये मध्ये मेस्त्री पेटीला समजावत होते, "झाला गो बाय, झाला हा."

आतल्या पोलादाला करवत लागेना. दाते पाडायचे तर कोल्हापूरचे लेथ. मेस्त्रींनी तो दांडा जानकीवैनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले. फोंड्याला गाडी घाटापूर्वी थांबते, तिथे एका बाईने लुगड्यातली ती वस्तू पाहून विचारले, "देव खंयचो?" मेस्त्री म्हणाले, "अमेरिकेचो." बाईने हात जोडले आणि दोन अबोलीची फुले वर ठेवली. ती फुले मेस्त्रींनी घाटभर पडू दिली नाहीत. कोल्हापूरच्या लेथवाल्याने दांडा हातात घेऊन विचारले, "काय ओ मेस्त्री, ह्यो कशाचा म्हनायचा?" तर त्याला सांगितले, "आगबोटीचो." का, म्हणून मी विचारले, तेव्हा म्हणाले, "गाडयेचो सांगलंय असतंय तर तेना चार सवाल इचारले असते. आगबोटीक कोण इचारना नाय."

आणि तो दांडा आखूड होऊन आला, दाते पाडून. एका फुटक्या लाँचच्या जाड लोखंडातून मेस्त्रींनी मधली थाळी कापली. कापलेली पेटी आणि भाऊबंदकी तिने जोडली. भोके तीनदा चुकली, थाळी शेवटी चाळणीसारखी दिसू लागली, पण भाऊबंदकी वीतभर पुढे सरकली आणि मागच्या दांड्याला पुन्हा जागा झाली. शेपटीबरोबर वेगाच्या काट्याची चक्रीही गेली होती, म्हणून तो काटा कायमचा शून्यावर राहिला. "येग कित्याक बगूक व्हयो?" मेस्त्री म्हणाले. "भिती वाटूक लागली की समजाचा, खूब झालो."

राहता राहिले तेल. अशा पेटीला वेगळ्या जातीचे पातळ तेल लागते, आणि ते मालवणात कुणी पाहिलेही नव्हते. मेस्त्रींनी खोबरेल घालून पाहिले, उंडीचे घालून पाहिले, आणि शेवटी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचे तेल घातले. तेच तेल मी अशक्त मुलांना चमच्याने देत असे, आणि ती ते थुंकून टाकत. पेटीने मात्र घेतले. जीप लोण्यासारखी चालू लागली. फक्त पेटी तापली की असा वास सुटे, की जीप ज्या वाडीतून जाई त्या वाडीतली सगळी मांजरे शेपट्या वर करून तिच्यामागे लागत. माझ्या दवाखान्याबाहेर मांजरांची गर्दी दिसली की लोक ओळखत, डॉक्टर आत आहेत.

पावसाळा सरत आला होता. एक दिवस जेवणवेळेला देवबागचा एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या सुनेची पहिलीच खेप, मूल आडवे, सुईणीने हात टेकलेले. होडी घ्यावी तर ओहोटी लागलेली. मी पिशवी उचलून जीपमध्ये बसलो, तोच मेस्त्री भरल्या ताटावरून उठून, हात न धुता, शेजारी येऊन बसले.

"तुम्ही कशाला?"

"तुमी पोराक बगतलास. गाडयेक कोण बगतलो?"

तारकर्लीपर्यंत बरे गेले. पुढे वाळू सुरू झाली. मेस्त्री बोटीवर असल्यासारखे आरोळ्या देऊ लागले, "हाफ अहेड! हाफ अहेड!" मी दांडा 'एल'वर टाकला. चारही चाकांनी वाळू धरली आणि जीप गाभण म्हशीसारखी, सावकाश, कण्हत, पण न थांबता पुढे निघाली. त्या वाळूवरून मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या खांद्याविना चाललो होतो. तेवढ्यात एका ओल्या खळग्यात दणका बसला आणि माझ्या हातातला दांडा लुळा पडला. खालची सळई निसटली होती.

"मेस्त्री, गिअर हलत नाही!"

त्यांनी वाकून पाहिले. "लगनात अडाकला," ते म्हणाले. "आता मागे जावचा नाय. थांबवलास तर रुतात. फुडेच चला!"

पुढेच चाललो. माडांमधून, कुंपणांच्या कडेने, एका घराच्या परसातल्या भोपळ्याच्या वेलावरून, आणि त्या घराचा दरवाजा दिसला तेव्हा ओल्या वाळूने ब्रेक धरेना, थांबायचे कसे हे मला कळेना. "जाळी बगा!" मेस्त्री ओरडले. सुकत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगात मी जीप घातली आणि इंजिन बंद केले.

आत काय झाले ते सगळे सांगण्यासारखे नाही. मूल फिरवायला वेळ लागला. आई मुकाट्याने माझ्या मनगटाला नखे रुतवून होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघांपैकी कुणीच हाती लागले नसते, एवढे मला नक्की ठाऊक आहे. मग मूल बाहेर आले, निळे, गप्प. मी त्याला उलटे धरून पाठीत थापट्या मारल्या. आणि ते रडले.

मी बाहेर आलो. जीपखालून मेस्त्रींचे दोन पाय दिसत होते, आणि भोवती देवबागची मांजरे बसली होती.

"मेस्त्री, झाले. दोघी ठीक."

"चेडू?"

"मुलगी."

"रडता हा बरा," जीपखालून आवाज आला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "तेल गळता हा," ते म्हणाले, "डोळ्यात गेला." मी खाली वाकून पाहिले. तेल कुठेही गळत नव्हते.

त्या मुलीचे बारशात ठेवलेले नाव सुलभा. देवबागात तिला सगळे जिपी म्हणतात.

पुढे मुंबई बंदरातून योग्य तेल मिळू लागले आणि मांजरे मला सोडून गेली. जीप माझ्याकडे पुष्कळ वर्षे चालली. मेस्त्रींच्या सांगण्यात मात्र ती दरवर्षी बदलत गेली. भाऊबंदकी आधी वीतभर सरकवली होती, ती हातभर झाली, मग एका श्रावणात मी ऐकले तेव्हा वावभर झाली होती. तेवढी सरकवली तर ती जीपच्या बाहेर येईल, असे मी म्हणालो. "आयली होती," मेस्त्री म्हणाले, "पुना आत ढकललंय." शेपटी कापायचे कुणाला सुचले यावरून नवरा-बायकोत शेवटपर्यंत भांडण होते. परका माणूस आला की दोघेही त्याला आपापली बाजू ऐकवत, आणि दोघांची बाजू ऐकल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे.

मग त्यांचे हृदय थकले. मी त्यांना हत्यार उचलायला बंदी केली. तेव्हा ते रोज सकाळी माझ्या दवाखान्यात येऊन बाकावर बसू लागले. आजारी म्हणून नव्हे, दवाखान्यात बसलेली माणसे उठून जाऊ शकत नाहीत म्हणून. ताप, खोकला, गळू, काहीही घेऊन आलेल्या माणसाला आधी मेस्त्रींची एक गजाल ऐकावी लागे. काही जण बरे वाटू लागल्यावरही येत.

एका सकाळी त्यांच्या शेजारी मसुऱ्याकडचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. पायाला नांगराचा फाळ लागला होता. मेस्त्री त्यांना हत्तीची गजाल सांगत होते. रंगूनहून आगबोटीत एक हत्ती चढवला होता. भर समुद्रात तो एका अंगाला जाऊन बसला, आणि बोट कलंडायला लागली. खलाशी ओढून थकले, कप्तानाने टोपी काढून देवाचे नाव घेतले. "तेवा कप्तानान माका बोलावल्यान," मेस्त्री म्हणाले, "मी हत्तीच्या फुडे गेलंय, आणि..."

आणि थांबले. म्हाताऱ्याला वाटले, आठवत असतील. तो मुकाट वाट पाहत राहिला. मी आतून दुसऱ्या रोग्याला सोडायला बाहेर आलो, तेव्हा मेस्त्रींची मान भिंतीला टेकली होती. म्हातारा मला हळूच म्हणाला, "उटवू नकात. इचार करतत."

मी नाडी पाहिली. नव्हती.

बाराव्याला मी त्यांच्या घरी बसलो होतो. माणसे येत होती, जात होती. जानकीवैनी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, त्या दिवसापासून ती कुणाशी बोललेली नव्हती. तेवढ्यात मसुऱ्याचा म्हातारा पट्टी बांधलेला पाय ओढत आला. एवढ्या लांबून. तिच्यापुढे बसला आणि संकोचून म्हणाला, "बाय, इचारू नये. पण ता हत्तीचा काय झाला?"

मला वाटले, आता ही त्याला हाकलणार. जन्मभर नवऱ्याच्या एकाही गजालीवर तिने विश्वास ठेवला नव्हता.

जानकीवैनीने पदराने तोंड पुसले आणि सरळ बसली.

"ह्ये हत्तीच्या फुडे गेले," ती म्हणाली. "कप्तान मागे उबो. ह्येंनी हत्तीचो कान धरल्यानी आणि हळूच सांगल्यानी, बाबा, माजी बायल मालवणात वाट बगता हा. तू उटलस नाय तर ती जेवची नाय."

"मगे?" म्हाताऱ्याने विचारले.

"मगे काय. हत्ती उटलो."

ती गजाल मी मेस्त्रींच्या तोंडून पुष्कळदा ऐकली होती. त्यांच्या सांगण्यात हत्ती गुळाच्या ढेपीसाठी उठायचा.

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली. "उटतलोच," तो म्हणाला.